पाचवी गोळी की पाचवा तास?

"आज किती आणलंत?" डायलिसिसच्या खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. आणलंत म्हणजे वजन. मागच्या खेपेपासून अंगात साठलेलं पाणी. माझी मोठी बहीण काट्यावर उभी राहायची, तंत्रज्ञ आकडा कागदावर टिपायचा आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताला पट्टा गुंडाळून बीपी बघायचा. त्या दिवशी ते १८६/९८ भरलं. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि बीपीची पाचवी गोळी लिहून दिली. आधीच्या चार तशाच चालू. तिचं 'ड्राय वेट', म्हणजे अंगात जादा पाणी नसताना जे वजन असायला हवं ते, फाइलमध्ये ५८ किलो होतं. तो आकडा अकरा महिन्यांपूर्वी लिहिलेला होता.

त्या अकरा महिन्यांत ताईची भूक मेली होती. दंड बारीक झाले होते, गालफडं बसली होती. मांस उतरत होतं आणि उतरलेल्या मांसाची जागा पाणी घेत होतं. काट्याला या दोन्हींतला फरक कळत नाही. तो डायलिसिस संपल्यावर ५८ दाखवत राहिला आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, त्यावर विसंबून राहिलो. रात्री आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून ती उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. आम्हाला तो आजाराचाच भाग वाटला. कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

पुढच्या काही वर्षांत जे वाचलं, ज्या डॉक्टरांशी आणि तंत्रज्ञांशी बोललो, त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. डायलिसिसवरच्या बहुतेक माणसांचं चढलेलं बीपी हे आधी मिठाचं, पाण्याचं आणि वेळेचं दुखणं असतं. गोळीचा क्रम त्यानंतर लागतो. व्यवहारात हा क्रम उलटा झाला आहे, कारण गोळी लिहायला मिनिट लागतं आणि मशीनचा एक तास वाढवायला पैसा, माणूस आणि रिकामी खुर्ची लागते. निर्णय डॉक्टर घेतात हे खरं. पण त्यांच्या हातात किती तास आहेत हे त्यांच्या खोलीबाहेर ठरतं. डायलिसिसचे पैसे कोण देतं आणि कशावर मोजून देतं, यावर ते ठरतं. म्हणून हा विषय फक्त रुग्णांचा आणि डॉक्टरांचा राहत नाही.

निरोगी मूत्रपिंडं आठवड्याचे १६८ तास काम करतात. मशीन बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. झाले १२ तास. उरलेल्या १५६ तासांत पोटात गेलेल्या मिठाला बाहेर पडायला जवळजवळ वाटच नसते, विशेषतः लघवी बंद झाली असेल तर. आणि मीठ एकटं राहत नाही. शरीर रक्तातलं मिठाचं प्रमाण ठरावीक मर्यादेतच राहू देतं, त्यामुळे आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की त्याच्या जोडीला सुमारे एक लिटर पाणी लागतं. ते पाणी माणूस पितोच, कारण तहान हा मेंदूचा हुकूम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. तेवढं खाणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णाने दोन दिवसांनी दोन-अडीच किलो वाढवून आणले तर त्यात नवल काय?

हे जास्तीचं पाणी रक्तवाहिन्यांत तुंबतं, हृदयाला भरलेल्या नळीविरुद्ध रोज जोर लावावा लागतो आणि त्याची डावी भिंत जाड होत जाते. डायलिसिस सुरू होतं त्या वेळीच साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांच्या हृदयात ही जाडी आलेली असते. डायलिसिसवरची माणसं सर्वांत जास्त जातात ती हृदयविकाराने. बीपी वाढायला इतर कारणंही आहेत: आजारी मूत्रपिंडातून सुटणारं, बीपी चढवणारं रेनिन, सतत ताणलेली मज्जासंस्था, कॅल्शियम साचून कडक झालेल्या धमन्या, रक्त वाढवण्यासाठी दिलेलं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, झोपेत अडकणारा श्वास. पण तुंबलेलं पाणी न काढता या कारणांमागे लागणं म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं.

ही काही आज कळलेली गोष्ट नाही. १९६० साली सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांत कायम राहणारी जोडनळी, वापरून क्लाइड शील्ड्स नावाच्या माणसाला नियमित डायलिसिसवर घेतलं. तोवर डायलिसिस म्हणजे काही दिवसांपुरता आधार होता. कायमच्या निकामी मूत्रपिंडांसाठी ते वर्षानुवर्षं करता येतं हे शील्ड्समुळे सिद्ध झालं. त्यांचं बीपी भयंकर वाढलेलं होतं. ते आटोक्यात आलं ते अंगातलं पाणी नेटाने काढून आणि मीठ तोडून. शील्ड्स पुढे ११ वर्षं जगले. 'ड्राय वेट' ही कल्पना त्याच दशकातली. म्हणजे डायलिसिसच्या पहिल्याच दीर्घकालीन रुग्णाने या प्रश्नाचं मुख्य उत्तर दाखवून दिलं होतं.

फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळच्या तासँ इथल्या केंद्राने हे उत्तर सोडलं नाही. जगभर डायलिसिसचे तास कमी होत असताना तिथे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी आठ तास, असंच चालू राहिलं, आणि जोडीला कमी मिठाचा आहार. बर्नार्ड शारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिथल्या ४४५ रुग्णांचा लेखाजोखा मांडला. बीपीची गोळी लागणारे रुग्ण ५ टक्क्यांहूनही कमी होते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं. आमच्या ओळखीच्या केंद्रात गोळी न घेणारा माणूस शोधावा लागायचा.

तासँ हे एक केंद्र होतं, तिथली माणसं निवडून आलेली असू शकतात, आणि एका केंद्राचा अनुभव म्हणजे काटेकोर चाचणी नव्हे, हे मला मान्य आहे. पण ड्राय वेट कमी करून पाहण्याची काटेकोर चाचणीही झालेली आहे. अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ राजीव अगरवाल यांच्या गटाने २००९ मध्ये १५० रुग्णांवर ती केली. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी: १०० जणांचं ड्राय वेट थोडं थोडं खाली आणलं, ५० जणांचं होतं तसं ठेवलं. आठ आठवड्यांत वजन जेमतेम एक किलोने उतरलं. बीपीचा वरचा आकडा, दोन डायलिसिसच्या मधल्या काळात सतत मोजलेला, दुसऱ्या गटाच्या तुलनेत साडेसहाने खाली आला. एका किलोत. नवी गोळी न देता.

शारा यांच्या अनुभवातला एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही धीर तिथेच सुटतो. पाणी निघाल्या निघाल्या बीपी उतरत नाही. कधी कधी आठवडे, महिने जातात. या मधल्या काळात पायात गोळे येतात, थकवा येतो, बीपी मात्र तसंच, आणि मग सगळे म्हणतात, "बघा, पाण्याचा काही संबंध नाही, गोळीच वाढवा." गोळी वाढली की डायलिसिस सुरू असताना बीपी पडायला लागतं. बीपी पडलं की पाणी काढता येत नाही. पाणी राहिलं की बीपी चढतं. ताई या चक्रात वर्षभर फिरली.

मग तास कमी का झाले? यामागे कुणाचं कारस्थान नाही. एका आकड्याचा मोह आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि रक्तातला युरिया हा टाकाऊ पदार्थ किती धुतला जातो यावर डायलिसिसचा पुरेसेपणा मोजायची पद्धत रुजली. त्या चाचणीत डायलिसिसच्या वेळेचाही परिणाम दिसत होता, पण तो संख्याशास्त्राच्या रूढ रेषेच्या किंचित बाहेर पडला, आणि तेवढ्यावर वेळ मागे पडली. पुढे 'केटी बाय व्ही' हा युरियाचा निर्देशांक आला, मोठे आणि वेगवान डायलायझर, म्हणजे मशीनमधले रक्त गाळणारे भाग, आले. युरिया तीन तासांत धुऊन निघतो म्हटल्यावर चौथा तास चैन वाटू लागला.

पण पाणी युरियासारखं वागत नाही. मशीन फक्त रक्तातलं पाणी ओढतं. सुजलेल्या पायांतलं, फुप्फुसांतलं पाणी आधी रक्तात परत यावं लागतं, आणि ते आपल्या गतीने येतं. डायलायझर कितीही चांगला असो, त्या गतीला घाई करता येत नाही. एक हिशेब करून पाहा. ५८ किलोच्या माणसाने साडेतीन किलो आणले आणि चार तासांत काढायचे ठरवले, तर दर तासाला दर किलोमागे १५ मिली पाणी काढावं लागतं. हा वेग १३ च्या वर गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं. तेच साडेतीन किलो पाच तासांत काढले, तर वेग १२ वर येतो. एका तासाने धोक्याची रेघ अलीकडे-पलीकडे होते. हा निरीक्षणावरचा निष्कर्ष आहे, शिक्कामोर्तब नव्हे. तरी ज्याने खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडताना पाहिला आहे त्याला तो पटायला वेळ लागत नाही.

तो चेहरा पांढरा पडला की काय होतं? पाणी काढणं थांबतं, पाय वर केले जातात, सलाइन सोडतात. जीव वाचवायला ते करावंच लागतं. पण अर्ध्या लिटर सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार जवळजवळ दिवसभराचं. रुग्ण ते घेऊन घरी जातो, रात्रभर तहानेने तळमळतो, आणि पुढच्या खेपेला काट्यावर उभा राहिला की ऐकतो: "पाण्यावर ताबा ठेवा हो, किती वेळा सांगायचं?"

या एका वाक्याबद्दल मला फार बोलायचं आहे. डायलिसिसच्या रुग्णाला बेशिस्त ठरवणं ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत अन्यायाची गोष्ट आहे. ताई दिवसाचं पाणी मोजून एका बाटलीत भरायची. जीभ टाळ्याला चिकटली की बर्फाचा तुकडा चोखायची. तरीही वजन वाढायचं आणि तिला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. खोटं बोलतेय असं समजतील म्हणून ती काट्यावर चढायला घाबरायची. तिला कुणी मिठाचा हिशेब शिकवला नव्हता. पाण्याचा शिकवला होता. मीठ तसंच ठेवून पाणी कमी करायला सांगणं म्हणजे तहान लावून पाणी हिसकावणं आहे. मिठाचा मोठा वाटा चवीला खारट न लागणाऱ्या तयार आणि टिकवलेल्या पदार्थांतून येतो, हे साध्या भाषेत, घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवून सांगणारं कुणी तिथे नव्हतं.

आणि थोडं मीठ खुद्द मशीनकडूनही मिळतं. डायलायझरच्या एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने डायलायसेट नावाचं द्रावण. द्रावणातलं सोडियम रुग्णाच्या रक्तातल्यापेक्षा जास्त ठेवलं असेल, तर डायलिसिस चालू असताना सोडियम रक्तात शिरतं. तास कमी करत गेल्यावर बीपी पडू नये म्हणून अनेक ठिकाणी हे सोडियम वाढवलं गेलं. खुर्चीवरचे चार तास त्यामुळे सुखाचे जातात, किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. किती रुग्णांना आपल्या मशीनवरचा सोडियमचा आकडा माहीत असतो? मी केंद्रात विचारला तेव्हा तिथल्या लोकांनाही तो पाहून सांगावा लागला. सगळ्या मशीनवर तो एकच होता.

बीपी मोजण्याबद्दलही थोडं. खुर्चीवर बसताना मोजलेलं बीपी त्या क्षणापुरतं असतं: माणूस धापा टाकत आलेला, सुयांची भीती, अंगात पाणी काठोकाठ. डायलिसिसनंतरचं बीपी दुसऱ्या टोकाचं. खरी माहिती घरी, विश्रांती घेऊन, सकाळ-संध्याकाळ मोजलेल्या बीपीतून मिळते. त्याहून नेमकी म्हणजे दोन डायलिसिसच्या मधले ४४ तास अंगावर यंत्र लावून मिळते. खुर्चीजवळच्या आकड्यांच्या आधारे केलेल्या अनेक अभ्यासांत विचित्र चित्र दिसतं: कमी बीपीचे रुग्ण जास्त दगावतात. घरच्या आणि ४४ तासांच्या मोजमापात मात्र बीपी जसं वाढतं तसा धोका वाढताना दिसतो. तरीही गोळ्या ठरतात त्या बहुतेक खुर्चीजवळच्या आकड्यावर. घरी बीपीचं यंत्र देणं हा डायलिसिसच्या एकूण खर्चात इतका किरकोळ खर्च आहे की तो होत नाही याचं मला कारण सापडत नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक ठरणार नाही.

पहिला आक्षेप: बीपी उतरवण्याच्या नादात माणूस कोरडा पडेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी फार मान देतो. पाणी गरजेपेक्षा जास्त काढलं तर हृदयाला आणि मेंदूला रक्त कमी पडतं, फिस्टुला बंद पडू शकतो, उरलीसुरली लघवी जाऊ शकते. अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत, २०१७ साली निष्कर्ष आलेल्या, १२६ रुग्णांपैकी ज्यांचं बीपी जास्त खाली ठेवायचं होतं त्यांना रुग्णालयात जास्त वेळा जावं लागलं आणि हृदयाची जाडी काही कमी झाली नाही. म्हणून अमुक आकडा गाठाच, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं वाटेबद्दल आहे. पाणी हळू काढा, म्हणजे जास्त वेळ काढा. घाईने काढलेल्या पाण्याचे दोष हळू काढलेल्या पाण्याच्या माथी मारू नका.

दुसरा आक्षेप: जास्त तासांचा फायदा मोठ्या चाचणीत सिद्ध झालेला नाही. इथे 'टाइम' नावाच्या चाचणीचा दाखला दिला जातो, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली, ७,००० हून अधिक रुग्णांची. एका बाजूच्या केंद्रांनी नव्या रुग्णांना किमान सव्वाचार तास द्यायचे, दुसऱ्या बाजूने नेहमीसारखं. फरक दिसला नाही आणि चाचणी मुदतीआधी थांबवली. पण प्रत्यक्षात मिळालेले तास पाहा: एकीकडे सरासरी २१६ मिनिटं, दुसरीकडे २०७. फक्त नऊ मिनिटांचं अंतर! ठरवूनसुद्धा केंद्रांना रुग्णांना सव्वाचार तास देता आले नाहीत, हाच मला त्या चाचणीचा सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो. त्याउलट २०१० मध्ये २४५ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस देण्याचा बेत बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आला, तेव्हा बीपी सुधारलं आणि हृदयाची जाडी कमी झाली. त्या गटात फिस्टुलाच्या दुरुस्त्या जास्त लागल्या, हेही नोंदवलं पाहिजे.

तिसरा आक्षेप रुग्णांचाच: "मला नको आणखी एक तास." ताईही हेच म्हणायची. चार तास सुया टोचलेला हात हलवता येत नाही, पाठ धरते, दिवस वाया जातो. ज्याने ते भोगलं नाही त्याने हसतमुखाने पाचवा तास सुचवू नये. पण ताईला तो पर्याय पूर्ण सांगितलाच गेला नव्हता. "एक तास जास्त बसशील का?" असं विचारलं तर कोण हो म्हणेल? "एक तास जास्त बसलीस तर गोळे कमी येतील, घरी गेल्यावर दिवसभर पडून राहावं लागणार नाही, कदाचित तीन गोळ्या सुटतील," असं विचारायला हवं होतं. काहींना घरी रात्री झोपेत चालणारं डायलिसिस जमेल, काहींना पोटातून रोज होणारं डायलिसिस. हे पर्याय समोर ठेवायलाही कुणाचा तरी वेळ लागतो.

गोळ्यांना मी विरोध करत नाही. पाणी नीट निघूनही बीपी चढं राहणारे रुग्ण असतातच, आणि त्यांना औषध लागतं. कुणी हा लेख वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. तो अनर्थ होईल. पण गोळी तरी विचाराने निवडली जावी. ॲटेनोलॉल आणि लिसिनोप्रिल मशीनमध्ये धुऊन जातात. ॲम्लोडिपिन, कार्व्हेडिलॉल टिकून राहतात. कुठली कधी घ्यायची, डायलिसिसच्या सकाळी कुठली टाळायची, याचा कागद ताईला पाच गोळ्यांपर्यंत कधीच मिळाला नव्हता.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा आणि खुर्च्यांचा आहे. २०१० सालच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे २६ लाख लोकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण मिळत होतं. गरज किमान ४९ लाखांना होती. उरलेल्यांना खुर्चीच नव्हती, आणि खुर्ची नसणं म्हणजे मरण. अशा वेळी एकाला पाचवा तास देणं म्हणजे दुसऱ्याचा पहिला तास काढून घेणं नाही का? या प्रश्नापुढे मी अडखळतो. ज्याला खुर्चीच मिळालेली नाही त्याच्या तोंडावर मी पाचव्या तासाची मागणी करू शकत नाही. तरी एक गोष्ट मला दिसते. डायलिसिसचे पैसे जवळपास सगळीकडे खेपेमागे मोजले जातात. खेप तीन तासांची असो वा पाच, पैसे तेच. म्हणजे तास कापणाऱ्याला मोबदला आणि तास वाढवणाऱ्याला दंड, असाच हा हिशेब. त्यातून वाचलेल्या तासांत नवे रुग्ण बसतात हे खरं. पण पाणी राहून गेलेला रुग्ण फुप्फुसं भरून मध्यरात्री अतिदक्षता विभागात येतो, तेव्हा तो खर्च दुसऱ्याच खात्यावर पडतो आणि डायलिसिसच्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून जो कोणी पैसे देतो, सरकार असो की विमा, त्याने खेपेऐवजी तासाला पैसे मोजावेत. निदान पाणी काढण्याचा वेग १३ च्या वर जात असेल तिथे जास्तीच्या तासाचे पैसे द्यावेत; गरज असलेल्यालाच तास मिळेल आणि बाकीच्यांच्या खुर्च्या जाणार नाहीत. केंद्रांकडून युरियाचा आकडा मागितला जातो, तसा पाणी काढण्याच्या वेगाचाही मागावा. ड्राय वेट दर महिन्याला, आणि आजारपणानंतर किंवा भूक गेल्यावर लगेच, पुन्हा तपासलं गेलं की नाही याची तारीख रुग्णाच्या हातातल्या कागदावर असावी, मशीनवरच्या सोडियमचा आकडाही तिथेच. आणि आठवड्यातल्या त्या लांब खंडाबद्दल काहीतरी करावं. सात दिवसांत तीन खेपा बसवल्या की कुठेतरी दोन पूर्ण दिवस मोकळे जातात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ३२,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले. वेळापत्रक माणसाने केलं आहे, मूत्रपिंडांनी नाही. ज्यांचं पाणी फार वाढतं त्यांना तरी त्या खंडात एक जादा खेप मिळायला हवी.

ताईचं पुढे असं झालं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला पाहिलं. फाइल नंतर उघडली; आधी घोटे दाबून पाहिले, मानेची शीर पाहिली, छातीवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवलं आणि विचारलं, "झोपताना किती उशा घेता?" तीन महिने लागले. दर खेपेला दोनशे-तीनशे ग्रॅम, कधी माघार, पुन्हा पुढे. दोनदा पायात असे गोळे आले की ती ओरडली. एकदा बीपी पडून डोळे फिरले. मी स्वतः त्या डॉक्टरांना म्हणालो, "पुरे करा आता." ते म्हणाले, "वेग कमी करू, वाट नको बदलायला." घरात मिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवून महिन्याचा हिशेब सुरू झाला. ५८ चे ५४.६ किलो झाले. पाच गोळ्यांच्या दोन झाल्या. ती एका उशीवर झोपू लागली, आणि पहिल्या रात्री तिचा धापेचा आवाज ऐकू येईना म्हणून मी उठून दोनदा बघून आलो.

हे सगळं जमलं कारण तिला पाच तास मिळत होते. पाच तास मिळत होते कारण तिची पाळी शेवटची होती आणि तिच्यानंतर त्या खुर्चीवर कुणी येणार नव्हतं. कुठल्या नियमात तो तास नव्हता, कुठल्या बिलात नव्हता. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने आपल्या घरी उशिरा जाऊन तो दिला होता. मागच्या आठवड्यात केंद्राच्या दारावर सूचना लागली. प्रतीक्षेतल्या रुग्णांसाठी पुढच्या महिन्यापासून आणखी एक पाळी सुरू होते आहे. ताईने ती वाचली, म्हणाली, "बरं झालं, ती पोरं केव्हाची थांबली आहेत." मग आत गेली आणि काट्यावर उभी राहिली.